काढून टाकलेल्या टाळ्या

त्या टाळ्या काढून टाक, असं मीच सांगितलं होतं. एकदा नाही, आठवडाभर फोन करकरून. "ऋचा, अगं माझा सोलो चालू आहे आणि मागं कुणीतरी खुळं टाळ्या पिटतंय. तेही भलत्याच ठिकाणी. डोकं फिरतं माझं. काढ बघू ते." ऋचा म्हणजे जुनी रेकॉर्डिंगं स्वच्छ करणारी मुलगी. आमच्या ओळखीतल्याच मराठी घरातली. मराठी बोलते ती पक्की हैदराबादी वळणाची, आणि वाचायला दिली तर घाम फुटतो तिला. ती म्हणाली, "हौ अंकल, काढते ना. टेन्शन नका घेऊ." आणि तिनं काढल्या.

आज दुपारी तीन वाजता तिच्या स्टुडिओच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा सगळं उरकलेलंच होतं. मला फक्त शेवटचं ऐकून 'हो' म्हणायचं होतं. पाच वाजता ते रेकॉर्डिंग बंगळुरूला जाणार आणि तिथली एक कंपनी त्याची तबकडी काढणार. जुन्या, विसरलेल्या बँडांच्या तबकड्या काढायचं वेड असलेली माणसं आहेत ती. एकदा तबकडी कापली की कापली. मग मी मेलो तरी ती तशीच फिरत राहणार.

आमचा बँड म्हणजे चौघं. त्यातल्या तिघांचे वडील सरकारी कचेरीत अप्पर डिव्हिजन क्लार्क, म्हणून बँडचं नावच 'अप्पर डिव्हिजन'. अझीझ ऑर्गन वाजवायचा आणि गायचा. त्याच्या मामूंनी दुबईहून तो ऑर्गन आणला नसता तर बँडच झाला नसता. गिटारवाला आणि बेसवाला, दोघंही आता राहिले नाहीत. ड्रम्सवर मी. वाजवायचो आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे काय, तर एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, मधे तीनदा चाल बदलणार, आणि नाचायला उठलेल्या माणसाचे पाय एकमेकांत अडकणार. हैदराबादेत तेव्हा असलं ऐकणारे मूठभर लोक होते आणि आमच्या पहिल्या कार्यक्रमाला ते सगळेच्या सगळे नारायणगुड्यातल्या एका शाळेच्या हॉलमधे आले होते.

त्या संध्याकाळची कॅसेट अझीझला मागच्या वर्षी सापडली. घर बदलताना, त्याच्या अम्मीच्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्याची रिळं आणि बटणं यांच्या खाली. ऋचानं ती एकदाच वाजवून संगणकात उतरवून घेतली. त्यानंतर तिच्या फितीचे पापडासारखे तुकडे पडायला लागले.

आता त्या संध्याकाळची गोष्ट. इथल्या नदीवरून 'मुसी' नाव दिलेलं आमचं तेवीस मिनिटांचं गाणं रंगात आलं असताना लाईट गेली. ऑर्गन, गिटार, माईक, सगळं मुकं. राहिलो मी आणि माझे ड्रम्स, ठार अंधारात. कॅसेट रेकॉर्डर सेलवर चालणारा होता म्हणून तो चालूच राहिला. चार मिनिटं मी एकट्यानं वाजवलं, लाईट आली, आणि चौघं एकदम समेवर येऊन पडलो. ही गोष्ट मी चाळीसहून जास्त वर्षं सांगत आलोय. बायकोला बघायला गेलो तेव्हा सांगितली. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्या पोरांना दर वर्षी सांगितली. तबकडीच्या वेष्टनावर अझीझनं तीच ओळ छापायला दिली आहे: चार मिनिटं, अंधार, एक ड्रमर, आणि एकही मात्रा चुकली नाही.

चुकली होती. एक मात्रा कसली, चांगलं अर्धं मिनिट मी चाचपडत होतो. हे मला ठाऊक होतं, आणि मला वाटायचं की फक्त मलाच ठाऊक आहे. ऋचाला हळूच सांगून ठेवलं होतं, "तिथं जरा सरळ करून घे गं." हल्ली यंत्रावर तसं करता येतं, पुढं गेलेला ठोका मागं, मागं राहिलेला पुढं. अझीझला यातलं काही बोललो नव्हतो. लोकांना खोटं सांगून सांगून सवय होते, पण जिवाभावाच्या दोस्ताला खोटं सांगितलं की पोटात कुठं तरी ते दुखत राहतं.

तर तेच घेऊन मी पायऱ्या चढत होतो.

ऋचाचा स्टुडिओ त्या शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. हॉल आता नाही. तिथं चार मजली कोचिंग क्लास उभा आहे आणि दारात पोरांच्या चपलांचा ढीग. पण त्या कोपऱ्यावर आलो की अजून मला तो वास येतो: फिनेलनं पुसलेली फरशी, लाकडी खुर्च्यांचं नवं वॉर्निश, आणि बाहेरच्या व्हरांड्यात मोगऱ्याच्या गजऱ्यांची ओली टोपली घेऊन बसलेली म्हातारी. कार्यक्रमाला येणाऱ्या पोरींना ती "लेव ना अम्मा, लेव ना" म्हणत गजरे विकत होती. आमच्या गाण्याला गजरे घालून आलेल्या पोरी! आणि मी त्यांच्यासमोर वाजवणार होतो. वीस वर्षांचा होतो मी.

आमचं घर गौलीगुड्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या तीन खोल्या. पहाटे पहिली बस घुरघुरायच्या आधी बाबांच्या हातोडीची टकटक सुरू व्हायची. तबला सुरात लावताना ते लाकडी गट्ट्यांवर टक-टक ठोकत, कान जवळ नेत, पुन्हा टक. दिवसभर कचेरीत फायली, आणि पहाटे नि संध्याकाळी तबला. गुरुवारी भजन. त्या भजनात बाबांच्या जागी दुसरा कुणी बसलेला मी कधी पाहिला नाही. ताप असला तरी ते मफलर गुंडाळून जायचे. आई म्हणायची, "देवाला तुमच्यावाचून ठेका धरता येत नाही वाटतं!"

मला त्यांनी सातव्या वर्षी बसवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, आंब्यांच्या दिवसांत. तबल्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे, मग बाबा माझी बोटं हुंगून बघायचे. रसाचा वास आला की पुन्हा मोरीत पिटाळायचे. शाईचा, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या गोलाचा, तो जरासा लोखंडी, जरासा आंबूस वास, टाल्कम पावडर, बाबांच्या बंडीला येणारा बिडीचा वास. बिडी ते कचेरीतून येताना ओढत आणि आईला माहीत नाही असं समजत.

त्याच उन्हाळ्यात रूपक शिकलो. सात मात्रांचा ताल. ती ती ना, धी ना, धी ना. बहुतेक तालांत समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, दणकून टाळी असते. रूपकाचं उलटं. तिथं पहिल्या मात्रेला टाळीच नाही. तिथं खाली: हात उताणा करून नुसता हवेत सोडायचा. टाळ्या पुढं, चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. मी हटकून पहिल्या मात्रेला टाळी द्यायचो आणि बाबा माझं मनगट धरायचे. "तिथं कशाला मारायलास? तिथं काही नाही. तिथं नुसतं असायचं." आणि त्या रिकाम्या जागेवर स्वतः नाकातून एक 'हं' काढायचे. दर आवर्तनाला एक. जाडजूड, छातीतून आलेला. खालच्या मजल्यावरचे रेड्डी एकदा विचारायला आले होते, वर म्हैस बांधलीय का म्हणून. बाबा सोडून सगळं घर आठवडाभर हसत होतं.

आणि बाहेर हे शहर होतं. बाहेर मर्फा होता. वरातीत दहा-बारा जण गळ्यात ढोलकं अडकवून, काठ्यांनी, पत्र्याच्या घागरींवर, असा काही धुमाकूळ घालायचे की नवरदेवाचा घोडा आडवा चालायचा. आषाढात देवीच्या बोनालूच्या मिरवणुकीत डप्पू, म्हणजे मोठाले डफ, वाजायचे, कडुलिंबाचे डहाळे आणि हळदीचा वास रस्ताभर, आणि वाजवणाऱ्यांच्या दंडांवरून घाम निथळत असायचा. मी मागोमाग चालत चारमिनारपर्यंत जाऊन पोचायचो. घरी आलो की बाबा विचारायचे, "त्यात सम कुठं होती, सांग?" मला सांगता यायचं नाही. मला सम नको होती हो! मला तो आवाज पाहिजे होता, जो कानाला नंतर आणि पोटाला आधी लागतो.

अठराव्या वर्षी तबला सोडला. आबिड्सच्या मागं अझीझचं घर होतं, त्याच्या गच्चीवर आमचा अड्डा. एका लग्नाच्या बँडवाल्यानं टाकून दिलेला मोठा ढोल, दोन चपटे ड्रम, एक तडा गेलेली झांज. अझीझची अम्मी खालून ओरडायची, "बेटा, मेरी हंडी हिलरी चूल्हे पे, जरा आहिस्ता!" आणि मग तीच चहा पाठवायची. 'मुसी' तिथंच जुळलं. सात मात्रांत बांधायचं हे मीच सुचवलं. अझीझला वाटलं, मी विलायती बँडांचं ऐकून शिकलो. मीही त्याला तसंच वाटू दिलं. गौलीगुड्यातल्या चटईवरचा रूपक आहे, असं सांगायची लाज वाटली मला.

बाबांनी जुन्या धोतरात तबला-डग्गा गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून आमचं बोलणं आईच्या मार्फत. "त्याला म्हणावं, पानं घेतलीत." मी समोर बसलेला. "त्यांना म्हणावं, भूक नाही." आई एकदा पळी आपटून म्हणाली, "मी काय पोस्ट हापीस आहे का तुमचं? बापलेक एकाच मातीचे, मेलं एक ढेकूळ फुटेल तर शपथ!" पण फुटलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी पास त्यांच्या चष्म्याच्या घरावर ठेवला, त्यांना दिसेल असा. दुसऱ्या दिवशी, सगळं झाल्यावर, तो तिथंच होता. जसाच्या तसा. सरळसुद्धा केला नव्हता.

पुढं मला निजामाबादला शाळेत नोकरी लागली आणि बाबा इकडं वारले. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून माझ्या मनात एकच वाक्य आहे: एकदा आले असते तर काय बिघडलं असतं? एकदा! दुसऱ्यांचे बाप आले होते. बेसवाल्याचा बाप तर कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसला होता. रागाला म्हातारपण येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. माझे केस गेले, दात गेले, तो राग मात्र अजून वीस वर्षांचाच आहे.

"अंकल, लावू?" ऋचानं विचारलं. सव्वातीन झाले होते.

तिनं लावलं. मी डोळे मिटले. गाणं वाहत आलं, अझीझचा तरणा आवाज, मग ऑर्गन अचानक बुडाला आणि मी एकटा उरलो. ठोका न् ठोका जागेवर. सात, सात, सात. टाळ्या नाहीत, खोकणं नाही, खुर्च्या नाहीत. एकही चूक नाही. चार मिनिटं मी ऐकत होतो. हे कोण वाजवतंय? हा पोरगा घाबरलेलाच नाही. मी तर तेव्हा इतका घाबरलो होतो की मांडी थरथरत होती आणि तिच्यासकट मोठा ड्रम थरथरत होता.

मला तो अंधार आठवला. लाईट गेल्यावर लोक आधी ओरडले. मग कुणीतरी म्हणालं, "दरवाजे खोलो रे, गरमी होरी," आणि कड्या निघाल्याचे आवाज झाले. मग लोकांना वाटलं, पोराला साथ देऊ. म्हणून त्यांनी टाळ्या धरल्या, सरळ, चार-चारच्या, भजनात देतात तशा. मी सातात आणि ते चारात! तिथंच घात झाला. दोन आवर्तनांत माझी सम हरवली. हात चालू होते, पण कुठं आहे ते कळेना. लोकांनाही काहीतरी बिनसल्याचं कळलं, त्यांच्या टाळ्या विरल्या. ती शांतता अजून माझ्या मानेवर आहे. दीडेक मिनिट अजून काढायचं होतं किंवा दीड तास, मला काय माहीत? थांबलो असतो तर आयुष्यात पुन्हा काठ्या हातात धरल्या नसत्या. आणि मग कसं कोण जाणे, सम सापडली. मी मानत आलो, आपोआप सापडली.

"ऋचा," मी म्हटलं, "तू काढलेल्या टाळ्यांचं काय केलंस?"

"साईडला ठेवलंय ना अंकल. वेगळा ट्रॅक. कचरा म्हणून नाव दिलंय." ती हसली.

"लाव तो कचरा. नुसता तो."

का म्हणालो, देव जाणे. कदाचित ते फार स्वच्छ ऐकून अंगावर आलं म्हणून. तिनं ड्रम्स बंद केले. पोकळ खरखर. मग लोकांच्या टाळ्या, चाराच्या, गडगडत आल्या आणि विरल्या. नंतर काहीच नाही. मग एक टाळी. थोडं थांबून दुसरी. मग मोठी जागा. पुन्हा टाळी, टाळी, मोठी जागा. एकच माणूस. अगदी जवळून, कारण आम्ही रेकॉर्डर शेवटच्या रांगेत दारापाशी एका खुर्चीवर ठेवला होता.

"हा जो कोण आहे ना अंकल," ऋचा म्हणाली, "हा फर्स्ट बीटला कधीच मारत नाही. एकदा पण नाही. म्हणून मला वाटलं राँग आहे. तुम्ही पण बोलले राँग आहे."

मी गुडघ्यावर मोजायला लागलो. एक, दोन, तीन, टाळी. पाच, टाळी, सात. एक, दोन, तीन, टाळी. पाच, टाळी, सात.

"राँग नाही, बाळा," मी म्हटलं. "रूपक आहे. त्यात पहिल्या मात्रेला टाळी नसते."

"मग त्या जागी तो थम्प कसला आहे? दर सात बीटला येतो. टेपचा फॉल्ट समजून मी तो पण काढला." तिनं पडद्यावर एक बारीक काळी रेघ दाखवली, मग अजून एक, मग अजून एक. "मोठा करू?"

तिनं मोठा केला.

हं.

टाळी, टाळी. हं. टाळी, टाळी. हं.

मी रडलो. आता या वयात आडपडदा कशाला? तिथं, त्या पोरीसमोर, हेडफोन डोक्यावर, ढसाढसा रडलो. बिचारी घाबरली. पाणी आणते म्हणाली, पण माझा हात तिच्या मनगटावर होता आणि तो सुटेना. बाबा आले होते. पास न घेता आले होते! पास घेतला असता तर हार मानल्यासारखं झालं असतं, म्हणून तो हट्टी माणूस पास चष्म्याच्या घरावर तसाच ठेवून बाहेर व्हरांड्यात उभा राहिला होता, त्या गजरेवालीच्या शेजारी. लोकांनी दार उघडलं तेव्हा आत सरकला. अंधार होता म्हणूनच सरकला. आणि माझी सम गेलेली त्यांना कळली. कळायचीच! माझ्या बोटांना आंब्याचा वास आहे की नाही हेसुद्धा त्यांना कळायचं.

मग एक जुनी गोष्ट आठवली, जिचा मला आजवर अर्थ लागला नव्हता. कार्यक्रम गुरुवारी होता. शुक्रवारी सकाळी भजनातले एक काका दारात आले आणि म्हणाले, "काल कुठं होतात हो? आम्ही टाळांवर भागवलं." बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अंग दुखत होतं." मी तिथंच होतो, दाढी करत. आईनं माझ्याकडं बघितलं होतं. मला वाटलं, चहा पाहिजे का विचारतेय.

"आता दोन्ही लाव," मी ऋचाला म्हटलं. "माझे ड्रम्स, पण मूळचे. तू सरळ केलेले नाहीत. आणि टाळ्या."

तिनं लावलं. मी अंधारात धडपडत होतो, स्पष्ट ऐकू येत होतं, लाज वाटावी इतकं स्पष्ट. टाळी, टाळी. माझा हात चुकला. हं. टाळी, टाळी. पुन्हा चुकला. तिसऱ्या आवर्तनाला उजवा हात त्यांच्या चौथ्या मात्रेच्या टाळीवर पडला, आणि पुढच्या समेला दोघं एका जागी होतो. मला त्या टाळ्या तेव्हा ऐकू आल्या होत्या का? कानांना आल्याचं आठवत नाही. हातांना आल्या असणार.

चारला दहा कमी असताना अझीझला फोन केला. तो वीस मिनिटांत आला, बेकरीतली बिस्किटं घेऊन, आज आनंदाचा दिवस म्हणून. माझा चेहरा बघून त्यानं पुडा खाली ठेवला.

"अझीझ, हे असं जाणार नाही. टाळ्या परत घालायच्या. आणि माझी चूकही."

"कौनसी चूक?"

सांगितलं. सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ टकलावरून हात फिरवत राहिला.

"मतलब चालीस साल से तू मेरेकु झूट बोलरा?"

"हौ."

"मैं सबकू बोलतूं फिरा रे! मेरे पोतरे को बोला मैं. कव्हर पे लिखा मैं." तो उठला. "नक्को. अब कुछ नक्को कर. कंपनीवाले वही किस्सा सुन के तो लिये हमारेकू. लोगां क्या बोलेंगे? बुड्ढे झूटे निकले बोलेंगे. टाळ्यां कौन सुनरा यार? निकल गई, तो निकल गई. साफ वाला भेज."

"अंकल, साडेचार झाले," ऋचा हळूच म्हणाली.

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. "सगळे मला हसतील, आणि तुझीही लाज जाईल. मला कळतंय. पण त्या टाळ्या काढ म्हणून मी सांगितलंय, अझीझ. मी. आठवडाभर फोन करून. मी माझ्या बापाला कचरा म्हणून काढायला लावलंय."

त्यानं हेडफोन मागितला. ऋचानं लावलं. अझीझ आमच्या घरी कितीदा यायचा! बाबा माझ्याशी बोलत नव्हते त्या दिवसांतही त्याला मात्र विचारायचे, "अम्मी कैसे हैं?" आणि जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्याचा चेहरा आधी ताणलेला होता, नुसता ऐकणाऱ्या वादकाचा. मग भुवया वर गेल्या. त्यानं हेडफोन काढला नाही. एक बोट उचललं आणि हवेत, टाळी नसलेल्या जागेवर, ठेवलं. पुन्हा ठेवलं.

"चाचा हैं," तो म्हणाला. "अल्ला, ये तो चाचा हैं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. मग त्यानं नाक ओढलं, खिशातून चष्मा काढला आणि ऋचाला सरकवत स्वतः संगणकापुढं बसला. "वो लाईन तो निकालतूं. पण उसके जगह क्या लिखूं, बोल जल्दी."

मी सांगितलं, त्यानं एका बोटानं टंकलं. अंधारात ड्रमर हरवला होता. त्याच्या वडिलांनी दारातून टाळी देऊन त्याला परत आणलं. मग वादकांच्या नावांत चार नावांखाली पाचवं घातलं. बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि पुढं: टाळी. स्पेलिंग दोनदा विचारलं. "चालीस साल बाद मालूम हुआ," तो पुटपुटला, "बैंड में पांच आदमी थे."

पाचला सहा मिनिटं कमी असताना ऋचानं मूळचं रेकॉर्डिंग पाठवायला सोडलं, वेष्टनाच्या नव्या मजकुरासकट, माझ्या धडपडीसकट, खोकण्यासकट, सगळ्यासकट. पडद्यावर ती निळी पट्टी मुंगीच्या गतीनं भरत होती. मधेच थांबली. अझीझ तेलुगूत पट्टीला शिवी हासडून मोकळा झाला. पुन्हा हलली. भरली. गेलं.

अझीझनं बिस्किटांचा पुडा फोडला. मी ऋचाला म्हटलं, लाईट येते तिथलं एकदा ऐकव. तो भाग मी नीट ऐकलाच नव्हता.

लाईट येते तेव्हा कॅसेटवर एकच कल्ला उठतो, शिट्ट्या, ऑर्गनचा हंबरडा, आणि आम्ही चौघं सुटतो. लोकांना वाटतं, काय पोरगं आहे! मीही तेव्हा त्यांच्याकडं बघून हसत होतो, मला आठवतं. दाराकडं बघितलं नव्हतं. त्या कल्ल्याच्या अगदी आधीच्या आवर्तनात बाबांची चौथ्या मात्रेची टाळी आहे. सहावीची नाही. दिवे लागले आणि त्यांनी हात आवरला. मी बघू नये म्हणून निघून गेले.

"परत लाव," मी म्हटलं. "तेवढंच आवर्तन."

तिनं लावलं. एक. दोन. तीन. चौथीला त्यांची टाळी पडली. पाच. सहावीला मी दिली.